गंगापूर धरणाजवळ दोन एकर आहे, चार खोल्या काढून कृषी पर्यटन करायचंय, कुठून सुरुवात करू?

आर्किटेक्टकडे नंतर जा, आधी झोन दाखला काढा. गट नंबर देऊन विचारायचं की जमीन शेती विभागात आहे, हरित पट्ट्यात की आणखी कशात. नाशिकभोवतीची बरीच गावं आता महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात आलीत, त्यामुळे "ग्रामपंचायतीचा ठराव आहे ना" एवढ्यावर विसंबू नका.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, किमान एक एकर शेती लागते. म्हणजे तुम्ही पात्र आहात. पण नोंदणी वेगळी आणि बांधकामाची परवानगी वेगळी. इथेच लोक गंडतात.

धरणाजवळ म्हणालात म्हणून सांगतो, पाटबंधारेची पूररेषा नकाशावर बघाच. आमच्या ओळखीतल्या एकाने ओढ्याकाठी झकास लाकडी खोल्या उभ्या केल्या, पहिल्याच मोठ्या पावसात जोत्यापर्यंत पाणी. त्या नकाशावरची निळी रेषा म्हणजे बांधकामबंदीची पूरहद्द, तिच्या आत काही बांधायचा विचारही नको.

आणि हो, शेती खरी हवी. पेरूची बाग, नागली, दोन गाई, चुलीवरची भाकरी यासाठी माणसं येतात. नुसता स्विमिंग पूल आणि डीजे म्हणजे रिसॉर्ट, त्याचे नियम निराळे, आणि शेजारच्या मळ्यातल्यांच्या शिव्या फुकट.

सातबारा तुमच्याच नावावर आहे ना? सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती आत्ताच लेखी घेऊन ठेवा.