पेपर बंद, मोबाईल चालू

प्रश्न : मुलाने पेपर बंद केला. ‘आई, मोबाईलवर सगळं मिळतं’ म्हणतो. परवा पावसात चाळीच्या ग्रुपवर सायनचे रूळ बुडाल्याचा व्हिडिओ आला. घरात नुसती धावाधाव! तेवढ्यात सुनेचा फोन, ‘मी गाडीतच आहे, सायन गेलं.’ मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, तो व्हिडिओ बहुधा खरा असेल, पण मागच्या एखाद्या पावसाळ्यातला. छापील पेपरच्या प्रत्येक पानावर तारीख असते, फॉरवर्डवर नसते. शिवाय पेपरात कुठेतरी तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाची नावं असतात. कायद्याने ती छापावीच लागतात. म्हणजे चुकलं तर कोणाला धरायचं ते ठाऊक असतं. ग्रुपवर कोणाला धरणार? ‘मलाही पुढून आलं’ म्हणून सगळे मोकळे!

म्हणून पावसाच्या दिवशी ग्रुप बाजूला ठेवा. गाड्यांसाठी मध्य रेल्वेचं अधिकृत खातं, पावसासाठी हवामान विभागाचं संकेतस्थळ पाहा. पाणी तुंबलं तर पालिकेचा १९१६ हा फोन नंबर आहेच. मुलाकडून तिन्ही मोबाईलवर नोंदवून घ्या.

बाकी रोजच्या वाचनाला ई-पेपर बरा. पानं तीच, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. (फळीवर अंथरायला मात्र उपयोग नाही, हे मुलाला ऐकवाच.) आणि रविवारची पुरवणी हातात हवी असेल, तर पेपरवाल्याला फक्त रविवारचा अंक टाकायला सांगून बघा. बरेचजण टाकतात.