पिकअपचा रिव्हर्स कॅमेरा: पाचशेची दुरुस्ती की साडेचौदा हजारांचं पॅकेज?

प्रश्न थोडक्यात: जुन्नर तालुक्यातल्या एका वाचकाकडे २०१९ची बोलेरो पिकअप आहे. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून ते रात्री वाशीच्या मार्केटला जातात. दोन वर्षांपूर्वी बसवलेला रिव्हर्स कॅमेरा पावसाळ्यापासून कधी दिसतो, कधी स्क्रीन निळी होऊन ‘नो सिग्नल’ येतं. दुकानदाराने ९ इंची अँड्रॉइड स्क्रीन, एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) कॅमेरा आणि नवीन वायरिंग असं १४,५०० रुपयांचं पॅकेज सांगितलं आहे. त्यात २,५०० रोख आणि उरलेल्या १२,००० वर दरमहा १ टक्का व्याज, १२ हप्ते, फाइल चार्ज ५००. गाडीच्या कर्जाचे १४ हप्ते बाकी आहेत, हप्ता १३,८०० रुपयांचा. बँकेत ४२,००० आहेत. मागची दोन टायरं बदलायची आहेत, त्याला १३,००० लागतील. विमा अडीच महिन्यांनी भरायचा आहे, अंदाजे २७,०००. पॅकेज घ्यावं का, असं ते विचारतात.

उत्तर

नमस्कार. पॅकेज घेऊ नका. कॅमेरा मात्र लवकर चालू करा, कारण रात्री गाळ्याला गाडी लावताना मागे हमाल असतात, क्रेटच्या थप्प्या असतात आणि आरशात त्यातलं निम्मंही दिसत नाही.

आधी तुमच्या ४२,००० बद्दल. ते शिल्लक वाटतात, पण शिल्लक नाहीत. टायर १३,००० आणि विमा २७,००० काढले की हातात २,००० राहतात. झिजलेल्या टायरांवर भरलेली गाडी घेऊन माळशेज किंवा खंडाळ्याचा घाट उतरणं आणि विमा संपलेली गाडी रस्त्यावर आणणं, या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्याविना रिव्हर्स घेण्याहून महाग पडतात. त्यामुळे आज कॅमेऱ्यासाठी तुमच्याकडे खरे पैसे आहेत ते दीड-दोन हजार.

आता हप्त्याचं गणित. ‘महिना एक टक्का’ ऐकायला हलकं वाटतं. पण हे व्याज मूळ १२,००० वर शेवटच्या महिन्यापर्यंत लागतं, तुम्ही निम्मे पैसे फेडले असले तरी. हप्ता होतो १,१२०, एकूण १३,४४०. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्के पडतो. ५०० रुपये फाइल चार्ज धरला की तोच जवळपास तीस टक्क्यांवर जातो. शिवाय या पॅकेजमधली मोठी रक्कम कॅमेऱ्याची नाहीच. ती पुढच्या स्क्रीनची आहे: गाणी, मॅप, यूट्यूब. मॅप तुमच्या मोबाइलवर आहेच.

म्हणून पैसे खर्चण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधा. पावसात सुरू झालेला आणि येत-जात राहणारा बिघाड बहुतेक वेळा वायरमध्ये किंवा जोडात असतो. कॅमेरा मेला की तो सहसा मरतोच, मध्येच जिवंत होत नाही.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि रिव्हर्स गिअर टाका. मागचा पांढरा दिवा लागतो का ते बघा. लागत नसेल तर कॅमेऱ्याचा दोष नाही. आधी फ्यूज, मग बल्ब, मग गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच तपासा. स्विच काही शेकड्यांत मिळतो आणि दिवा तर फिटनेसलाही लागतोच, म्हणजे हा खर्च टळणारा नाही. दिवा लागतो पण स्क्रीन जागीच होत नाही, तर बहुधा स्क्रीनकडे जाणारी ट्रिगर वायर तुटली आहे. हे सेट दिव्याच्या लाइनवरूनच स्क्रीनला इशारा देतात. स्क्रीन जागी होते आणि निळी राहते, ही तुमची तक्रार, तर बहुधा कॅमेऱ्याचा करंट किंवा व्हिडिओची वायर यांपैकी एक गेली आहे. चित्र येतं पण दुधाळ दिसतं, म्हणजे भिंगाच्या आत पाणी शिरलंय. मग कॅमेराच बदलायचा, उघडून वाळवला तरी टिकत नाही.

पुढची तपासणी निर्णायक आहे आणि फुकट आहे. कॅमेरा मागून सोडवून केबिनमध्ये आणा. त्याची पिवळी आरसीए पिन (व्हिडिओची) थेट स्क्रीनच्या मागे लावा आणि लाल-काळ्या वायरींना छोट्या तुकड्यांनी, फ्यूज असलेल्या लाइनवरून, १२ व्होल्ट द्या. चित्र स्वच्छ आलं तर कॅमेराही ठीक, स्क्रीनही ठीक. दोष मधल्या वायरिंगमध्ये. तुमच्या बाबतीत हेच निघेल अशी माझी अटकळ आहे, आणि तसं निघालं तर साडेचौदा हजारांचा विषय तिथेच संपला.

वायरमनकडे मल्टिमीटर असेल तर आणखी दोन मापं घ्यायला सांगा. कॅमेरा जोडलेला ठेवून त्याच्या लाल-काळ्यावर इंजिन बंद असताना १२ च्या आसपास व्होल्ट हवेत. जोड सोडून मापलं तर गंजलेली वायरही बारा दाखवते, म्हणून जोडलेलाच ठेवायचा. मग कॅमेऱ्याची काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात माप घ्या, रिव्हर्स दिवा चालू ठेवून. दिव्याचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. अर्थिंगचा बोल्ट गंजला असेल आणि दिवा-कॅमेरा एकाच अर्थिंगवर असतील, तर अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा दिसेल. पाव व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. खराब निघालं तर बोल्ट काढा, चासीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं करा, नवा वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस लावा. खर्च चहाइतका.

केबल तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कॅमेरा फाळक्यावर बसवला असेल तर दर खेपेला फाळका पडताना-उचलताना वायर बिजागरीपाशी त्याच जागी वाकते. आतली तार तुटते, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. दुसरी जागा केबिन आणि हौदा यांच्या मधली. केबिन रबरावर डोलते, हौदा चासीला घट्ट, त्यामुळे मध्ये ताणून बसवलेली वायर घासते. तिसरी जागा चिमटून लावलेल्या निळ्या-लाल क्लिपांची. त्यात पाणी जातं, तांबं हिरवं पडतं.

दुरुस्ती करताना कॅमेरा फाळक्यावरून काढून नंबरप्लेटजवळच्या मागच्या आडव्या पट्टीवर घ्या. नवी केबल १० मीटरची घ्या. कारच्या सेटसोबत येणारी ६ मीटरची केबल पिकअपला वळणं घेत पुरत नाही, मग मध्ये जोड येतो आणि जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं आमंत्रण. केबल फ्लेक्सिबल नळीतून, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूच्या चासीने न्या. ब्रेकच्या पाइपला बांधू देऊ नका. केबिन-हौद्याच्या मध्ये हातभर वायर सैल ठेवा. जोड सोल्डर करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि लाल वायरला १ अँपिअरचा फ्यूज लावा. केबल, नळी, स्लीव्ह आणि मजुरी धरून हे काम साधारण पाचशे ते हजारात बसतं. कॅमेराही गेला असेल तर वर सातशे ते बाराशे. एकूण दोन हजारांच्या पुढे गेलात तर थांबा. ही माझी आजच्या घडीची मर्यादा.

कॅमेरा घेताना एका गोष्टीत भरपूर लोकांचे पैसे जातात. तुमची जुनी स्क्रीन साधा अॅनालॉग सिग्नल घेते, ज्याला दुकानात सीव्हीबीएस म्हणतात. भारीतला म्हणून एएचडी कॅमेरा आणलात तर त्यावर काहीच दिसणार नाही किंवा चित्र फाटेल, आणि दुकानदार म्हणेल, ‘स्क्रीन पण बदला.’ म्हणून जुन्या स्क्रीनला सीव्हीबीएसच घ्या आणि पैसे देण्याआधी दुकानातच लावून बघा. चित्र आरशासारखं उलटं हवं, म्हणजे उजवीकडचा माणूस स्क्रीनवरही उजवीकडे दिसतो. बऱ्याच कॅमेऱ्यांना त्यासाठी कापायची एक छोटी वायर असते. डब्यावर आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेलं असतं, ते पाण्यात बुडण्याबद्दल. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याचा दर्जा वेगळा, आयपी ६९के. तुम्ही टोमॅटोचा चिकटा रोज फवाऱ्याने धुत असाल तर नोझल कॅमेऱ्यावर रोखू नका, एवढं पाळलं तरी त्याचं आयुष्य वाढेल.

मग अपग्रेड कधीच करायचा नाही का? करायचा, पण विमा भरून झाल्यावर. आजपासून आठवड्याला ४०० रुपये बाजूला टाकलेत तर दहा आठवड्यांत चार हजार होतात. तेवढ्यात ७ इंची साधी स्क्रीन, पिकअप-ट्रकसाठीचा रात्री दिसणारा एएचडी कॅमेरा आणि १० मीटरची चार पिनांची स्क्रूवाली केबल असा जुळलेला सेट येतो. ही केबल आरसीएपेक्षा धक्क्यांना कितीतरी पट चांगली टिकते. तीन वर्षं चालला तर महिन्याला ११० रुपयांच्या आसपास. पॅकेज तितकंच टिकलं, तर रोखीच्या भावानेही महिन्याला ४०० पडतं, आणि मागचा हमाल दोन्हीत सारखाच दिसतो.

कर वाचेल म्हणून मोठं बिल करा, असं कोणी सांगितलं असेल तर तेही तपासा. दहापर्यंत मालवाहू गाड्यांच्या मालकांना आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जी आपण कलम ४४एई म्हणून ओळखतो. तुमच्यासारख्या हलक्या गाडीला महिना ७,५०० रुपये उत्पन्न धरलं जातं आणि डिझेल, दुरुस्ती, घसारा सगळं त्यात वजा झालेलं मानतात. तुम्ही त्या पद्धतीने विवरणपत्र भरत असाल तर ५०० चं बिल आणि १४,५०० चं बिल, कराला दोन्ही सारखीच.

विम्याकडे मात्र या निमित्ताने नीट बघा. रिव्हर्समध्ये फुटतो तो टेललॅम्प, चेपतो तो मडगार्ड. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत आयएमटी २३ ही जोड (जादा प्रीमियम भरून घ्यायचं कलम) नसेल तर दिवे, टायर, मडगार्ड, बंपर यांचं किरकोळ नुकसान मिळतच नाही. तुमच्या पॉलिसीत हा आकडा शोधा आणि नूतनीकरणाला त्याचा वाढीव प्रीमियम विचारून घ्या. असला तरी प्रत्येक खरचट्याला क्लेम नको. सलग तीन वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) प्रीमियमवर ३५ टक्के बोनस मिळतो. तो भाग १२,००० असेल तर ही सूट ४,२०० ची. पाच हजारांचा क्लेम केलात की ती शून्यावर येते आणि पुन्हा २० पासून सुरुवात. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत किंमत लिहून जाहीर केली तरच भरपाईत धरतात. त्याचा जादा प्रीमियम साधारण किमतीच्या ४ टक्के, म्हणजे चार हजारांच्या सेटला १६० रुपये. त्यासाठी पक्कं बिल लागतं, वॉरंटीलाही तेच लागतं, तेव्हा कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका.

एका परिस्थितीत माझं उत्तर बदलेल. एखाद्या कंपनीच्या गोदामाचं कायम भाडं तुम्हाला मिळत असेल आणि त्यांनी रेकॉर्डिंग होणारे कॅमेरे मागितले असतील, तर तो खर्च धंदा मिळवण्याचा आहे आणि त्याचा हिशेब त्या भाड्यातून होईल. तेव्हाही आधी करार सहीनिशी हातात घ्या, मग स्क्रीनवाल्याकडे जा.