वाचकांचे प्रश्न : नाताळ नाटिका आणि दुःखसहनाचे नाट्य

नाताळच्या नाटिका आणि उपवासकाळातील, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांतील, येशूच्या दुःखसहनाची व वधस्तंभावरील मृत्यूची संगीतनाट्ये बसवणाऱ्या हौशी मंडळांची बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

आमच्या नाताळ नाटिकेत नऊ गाणी आहेत. पेटीवाले काका सगळीच काळी चारमध्ये वाजवतात. बायकांना जमते, पण पुरुष निम्मे गप्प बसतात आणि निम्मे ओरडतात. काय करावे?
— तरुण संघाचे सचिव, मिरज

नऊ गाण्यांना एकच पट्टी, हेच मूळ दुखणे आहे. काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी ‘सा’ धरणे, ही सर्वसाधारणपणे बायकांच्या सोयीची. पुरुषांचा षड्ज (सा) काळी एकच्या आसपास बसतो. म्हणून पट्टी ठरवण्याआधी प्रत्येक गाण्याची चाल खाली कुठवर उतरते आणि वर कुठवर चढते, ते वहीत लिहून काढा.

न शिकलेले गळे एकत्र गातात तेव्हा पांढरी सहापासून त्यावरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंतचा टप्पा बहुतेकांना झेपतो. पुरुष तोच टप्पा एक सप्तक खाली गातात. यावरून हिशेब सोपा होतो. चाल मंद्र पंचम ते तार षड्ज (खालचा प ते वरचा सा) एवढ्यात फिरत असेल तर षड्ज पांढरी दोनचा घ्या. मध्य षड्ज ते तार मध्यम (मधला सा ते वरचा म) अशी असेल तर पांढरी सहाचा. पल्ला याहून मोठा असेल तर ते गाणे समूहाचे नाहीच असे समजा. ध्रुवपद सगळ्यांनी म्हणावे आणि अंतरे एका चांगल्या गळ्याकडे द्यावेत.

देवदूत गब्रीएल आणि मरीया यांच्या द्वंद्वगीतात पट्टी मधेच बदलायला हरकत नाही, उलट ते शोभून दिसते. गब्रीएल काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्यम, म्हणजे काळी तीन, हा मरीयेचा षड्ज करा. काळी एकला लावलेला तबला तिच्या षड्जाचा पंचम ठरतो, त्यामुळे तो पुन्हा लावावा लागत नाही. पेटीवाल्यांनी तिच्या ओळीआधी दोन मात्रा नवा षड्ज धरून ठेवावा म्हणजे ती चुकणार नाही.

पट्टीची परीक्षा मात्र तालमीच्या सुरुवातीला घेऊ नका. दीड तास तालीम झाल्यावर, हालचालीसकट गाऊन बघा. खुर्चीत बसून सहज लागणारा तार षड्ज गव्हाणीपाशी गुडघे टेकून, मान खाली घालून लागत नाही. तिथे हालचाल बदला. सूर खाली ओढण्यापेक्षा मान वर करणे सोपे आहे.

वाजवणारे मिळत नाहीत, म्हणून ट्रॅकवर, म्हणजे ध्वनिमुद्रित संगीतावर, गातो. पण गाणे आणि ट्रॅक दर वेळी मागेपुढे होतात.
— शब्बाथशाळेच्या शिक्षिका, जालना

ट्रॅक कोणासाठी थांबत नाही, आणि हौशी नाटकात कोणी ना कोणी उशिरा येणारच. शक्य असेल तर एक पेटी आणि एक ढोलकी एवढ्यावर भागवा. गव्हाणीपर्यंत पोचायला मेंढपाळांना वेळ लागला तर पेटीवाला आणखी एक आवर्तन वाजवू शकतो.

ट्रॅकच वापरायचा असेल तर प्रत्येक गाण्याची फाईल तोडून आरंभीचे संगीत चार मात्रांचे ठेवा. लांबलचक आरंभसंगीतात मुले मोजणी विसरतात. फाईलींच्या नावाआधी 01, 02 असे क्रमांक घाला. फोन विमान मोडवर टाका आणि ब्लूटूथऐवजी वायरने जोडा. ट्रॅक चालवणाऱ्याची जागा रंगमंच पूर्ण दिसेल अशीच हवी, कारण त्याने संवाद ऐकून नव्हे, तर नट जागेवर पोचलेला बघून बटण दाबायचे असते. विंगेत कोपऱ्यात बसवलेला माणूस हे करू शकत नाही. आणि गायकांना ट्रॅक ऐकू येण्यासाठी एक स्पीकर रंगमंचाकडे तोंड करून ठेवावाच लागतो. तो नसला की मागची रांग अर्धी मात्रा मागे पडते.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मैदानात दुःखसहनाचे नाट्य करतो. यंदा वधस्तंभ खराखुरा, वजनदार असावा असा आग्रह आहे. लाकूड आणि बांधणीबद्दल सांगा.
— नाट्यमंडळाचे कार्यकर्ते, वसई

दोन वधस्तंभ करा. एक वाहायचा, दुसरा उभा राहायचा. एकाच वस्तूने दोन्ही कामे करायला गेले की अपघात होतात.

वाहायचा: चार इंच चौकोनी सागवानाचा दहा फुटी उभा आणि सहा फुटी आडवा ओंडका घेतला तर वजन 33 किलोच्या घरात जाते. वाट लांब असेल, तीन वेळा पडायचे असेल, तर हे वजन मानेवर आणि गुडघ्यांवर येते. त्याऐवजी 6 मिलिमीटर प्लायवूडची, आत पट्ट्या ठोकलेली पोकळ पेटी याच मापात करा, 9 ते 10 किलोत बसते. कडा रंध्याने ओबडधोबड करून गडद रंग दिला की दहा फुटांवरूनही फरक कळत नाही. ओझे दाखवणे हे नटाचे काम आहे. पाऊल जमिनीवरून उचलण्याआधी ओढले गेले पाहिजे आणि श्वास ऐकू आला पाहिजे. मागचे टोक जमिनीवर घासत जाऊ द्या. त्याखाली पत्र्याची पट्टी मारली तर घासण्याचा आवाज येतो, तोच प्रेक्षकाला वजन सांगतो. येशूचा वधस्तंभ वाहायला लावलेल्या कुरेनेकर शिमोनाला लवकर आणा. नटाला दम घ्यायला ती हक्काची जागा आहे.

उभा: हा मात्र भरीव लाकडाचा हवा, आणि आधीच रोवलेला. नटासकट वधस्तंभ उभा करण्याचा हट्ट कृपया सोडा. दोर सुटला किंवा बुंधा घसरला तर सत्तर किलोचा माणूस, हात बांधलेल्या अवस्थेत, तोंडावर पडतो. मैदानात दोन-अडीच फूट खड्डा, भोवती दगडांची भर. लाकडी रंगमंचावर खालच्या चौकटीला बोल्टने कसलेली लोखंडी खोबण. नटाला मागून शिडीने चढवा. पुढे सैनिकांची रांग किंवा कापड धरले की ते झाकले जाते.

पायांखाली पाच-सहा इंच पुढे येणारी पक्की फळी हवी, अंगाचे सगळे वजन तिच्यावर. कमरेला लंगोटाखालून रुंद पट्टा घेऊन तो मागे खांबाला अडकवा. तळव्यांजवळ लाकडी खुंट्या ठेवा. नट त्या बोटांनी धरतो, समोरून खिळा धरल्यासारखे दिसते. हात खांद्यांच्या रेषेतच राहू द्या. हात वर ओढलेले असतील तर छाती ताणली जाऊन श्वास आखूड होतो आणि पायांचा आधार असूनही भोवळ येते. वर राहण्याचा वेळ सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त नको; शेवटचे संवाद त्यात बसवा.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. त्या दिवशी अनेकांचा उपवास असतो. उन्हाळ्यात, सकाळपासून न जेवता-पिता वधस्तंभावर चढलेला तरुण बेशुद्ध पडू शकतो. आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी आधीच बोला आणि येशूची भूमिका करणाऱ्याला प्रयोगाआधी दोन तास हलके खाणे व पाणी द्या. त्याने एक खुंटी सोडून मूठ मिटली की खाली उतरवायचे, ही खूण ठरवा. पायथ्याशी उभे राहणारे दोन सैनिक हे अंगाने मजबूत आणि ही खूण माहीत असलेलेच हवेत.

काट्यांच्या मुकुटात खरे बाभळीचे काटे नकोत. काथ्याची दोरी पीळ घालून गोल करा, फेविकॉलमध्ये भिजवून वाळवा, बांबूच्या कपच्या बाहेरच्या बाजूला खोवा आणि आतून कपड्याची घडी शिवा. रक्तासाठी साखरेचा पाक वापरू नका, मैदानात मुंग्या आणि माश्या येतात. ग्लिसरीन, खाण्याचा लाल रंग आणि तपकिरी छटेसाठी चिमूटभर कोको पावडर पुरते. पांढऱ्या कपड्यावरचा डाग पूर्ण जात नाही, म्हणून फटक्यांच्या प्रसंगाचा झगा वेगळा ठेवा.

दाढ्या लावल्या की कॉलर माईक खरखरतात. ‘मी येशूला ओळखत नाही’ हे पेत्राचे नाकारणे कोणालाच ऐकू आले नाही.
— दिग्दर्शक, कोल्हापूर

माईक छातीवर लावला की दाढी त्यावर घासते, आणि मान वळली की आवाज जातो. माईक कपाळावर, केसांच्या किंवा फेट्याच्या कडेला लावा. वायर कानामागून मानेवर आणून दवाखान्यातल्या चिकटपट्टीने दोन ठिकाणी धरा. चिकटवण्याआधी तिथली त्वचा कोरडी पुसा, मेकअप नंतर. घामाने पट्टी सुटते म्हणून मध्यंतरात सगळ्यांची बघून घ्या आणि प्रत्येक प्रयोगाला सेल नवे टाका.

माईक चारच असतील तर ते चार मुख्य पात्रांना देऊन बाकीच्यांना वाऱ्यावर सोडू नका. दोन माईक रंगमंचाच्या पुढच्या कडेला आडवे ठेवा आणि महत्त्वाचे संवाद त्यांच्यापासून पाच-सहा फुटांत घडवा. पेत्राची शेगोटी तिथेच मांडा. स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला हवेत. मागे गेले की शिट्टी वाजणारच, मग मिक्सरवाला आवाज कमी करतो आणि संवाद बुडतात. कोंबडा आरवण्याचा आवाज तिसऱ्या नाकारण्यानंतर लगेच यावा, पण संवादावर चढू नये. एक पूर्ण श्वास जाऊ द्या.

दिव्यांबद्दलही थोडे. 1000 वॅटचा दिवा साधारण 4.3 अँपिअर ओढतो. 16 अँपिअरच्या एका प्लगवर तीन चालतात, चौथा लावला की ऐन प्रसंगात अंधार होतो. साउंडची लाईन दिव्यांपासून वेगळी घ्या.

‘त्याला वधस्तंभावर खिळा’ ओरडणारा जमाव कसा दाखवावा? दरवर्षी काळे झगे घातलेली माणसे दात-ओठ खात येतात. बघवत नाही.
— लेखिका, पुणे

तुमची अस्वस्थता योग्य आहे. यहूद्यांचा महायाजक कयफा काळ्यात आणि शिष्य पांढऱ्यात, हा कपडेपटाचा सोपा मार्ग एका सगळ्या समाजाला गुन्हेगार ठरवतो. येशू, मरीया आणि बाराही शिष्य यहूदीच होते. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या वेळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येणार नाही, असे कॅथलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 च्या घोषणापत्रात स्पष्ट म्हटले. जर्मनीतल्या ओबरआमरगाऊ गावी 1634 पासून दुःखसहनाचे नाट्य होते. तिथेही संहितेतले असे भाग बदलले गेले. आपल्याकडे तर रायगड-मुंबईचा बेने इस्राएल समाज मराठीच बोलतो. तो समोर बसला आहे असे समजून लिहा.

प्रत्यक्षात हे करा. सर्व यहूदी पात्रांना एकाच रंगकुळातले कपडे द्या, रोमन तेवढे वेगळे. जमाव दहा-बारा जणांचा ठेवा आणि त्यातले तीन-चार जण गप्प किंवा गोंधळलेले दाखवा. लूकच्या शुभवर्तमानात रडत मागे जाणाऱ्या स्त्रिया आहेत. अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम तर यहूद्यांच्या धर्मसभेतलेच होते, त्यांना आधीच्या दृश्यांतही उभे करा. शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पिलात आहे, हे प्रेक्षकाला ठळक दिसू द्या. हात धुताना त्याला मध्यभागी ठेवा.

जमावाला नुसते ‘ओरडा’ सांगितले तर सगळे एकाच सुरात, एकाच वेळी ओरडतात आणि ते कवायतीसारखे वाटते. प्रत्येकाला स्वतःचे एक वाक्य लिहून द्या.

तालमी कधी सुरू कराव्यात?
— एक वाचक, अहिल्यानगर

नाताळसाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाचन, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी गाणी पाठ. सुट्टीत मुले गावी जातात. परतल्यावर उभ्या तालमी. दुःखसहनाच्या नाट्याची अडचण वेगळी आहे. उत्तम शुक्रवार 2027 मध्ये 26 मार्चला आहे, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा आणि तालमी एकमेकींत अडकतील. त्या वर्गांतल्या मुलांना मोठ्या भूमिका देऊ नका, जमावात घ्या आणि शेवटच्या चार तालमींना बोलवा. प्रयोगाआधीच्या आठवड्यात दोन रंगीत तालमी हव्यात, त्यातली एक पूर्ण कपडेपटात आणि प्रयोगाच्याच वेळेला.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदे घेतली आहेत, शिवाय एका इंग्रजी संगीतनाट्याचे भाषांतर केले आहे. परवानगी लागेल का?
— चिटणीस, सोलापूर

नारायण वामन टिळक 1919 साली वारले. आपल्या कायद्यात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, त्यामुळे त्यांची पदे मोकळी आहेत. चाल मात्र दुसऱ्या कोणाची, अलीकडची असेल तर तिचा हक्क वेगळा. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला 1957 च्या कॉपीराईट कायद्यात सूट आहे. पण ही सूट प्रयोगाची आहे. भाषांतर करणे, स्वरलिपीच्या प्रती काढणे आणि चित्रीकरण यूट्यूबवर टाकणे यांना ती लागू नाही. त्या इंग्रजी नाटकाच्या प्रकाशकाला आत्ताच पत्र लिहा. उत्तराला महिने लागू शकतात, म्हणून तोवर गाण्यांच्या तालमी टिळकांच्या पदांपासून सुरू करा.

नाट्यगृहात सार्वजनिक प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. मैदानात ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी घ्या. रात्री दहानंतर तो बंद करावा लागतो, तेव्हा पुनरुत्थानाचे दृश्य साडेनऊच्या आत संपेल असे वेळापत्रक आखा. आरंभीची भाषणे पाच मिनिटांवर जाऊ देऊ नका. उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो.