वाचकांचे प्रश्न : दहावीच्या वर्षात कराटे सोडावे का?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून गेली तीन वर्षे आमच्या भागातील एका वर्गात कराटे शिकते आहे. पहिली दोन वर्षे ती पहाटे स्वतःहून उठत असे आणि पट्ट्यांचे रंगही भराभर बदलत गेले. गेले वर्षभर मात्र ती काळ्याच्या आधीच्या तपकिरी पट्ट्यावर अडकली आहे. मागच्या परीक्षेत सरांनी तिला थांबवले आणि तिच्यानंतर आलेली एक मुलगी पुढे गेली. आता ती म्हणते की, आपली प्रगती होत नाही, शिवाय पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा कराटे सोडलेलेच बरे. सासूबाईही विचारतात की, मुलीला हे शिकून करायचे काय? तिने सोडू नये असे मला मनापासून वाटते, पण जबरदस्तीही करायची नाही. मी काय करावे?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रात सोडण्याची दोन कारणे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत. परीक्षेत थांबवले गेल्याचे दुःख हे एक कारण आणि दहावी हे दुसरे. मुले पुष्कळदा दुसरे कारण पुढे करतात, कारण त्याला घरात कोणी हरकत घेत नाही. एखाद्या निवांत संध्याकाळी तिला एवढेच विचारा की, मागच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली असती, तर दहावीसाठी कराटे सोडण्याचा विचार तिच्या मनात आला असता का. उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल.

पहिल्या दोन वर्षांत प्रगती झटपट दिसते, याचे कारण तेव्हा शरीर मोठ्या हालचाली शिकत असते. नीट उभे राहणे, सरळ ठोसा मारणे, वार अडवणे, लाथ उचलणे या गोष्टी आईवडिलांनाही दिसतात. तपकिरी पट्ट्यापाशी पोहोचल्यावर उरतात त्या बारीक दुरुस्त्या : कंबर ठोशाच्या आधी वळते की नंतर, मागच्या पायाची टाच उचलली जाते का, खांदे विनाकारण आवळलेले राहतात का, श्वास नेमका कोणत्या क्षणी सुटतो. हे बदल आठवड्यात होत नाहीत आणि झाले तरी ते शिक्षकांच्या डोळ्यांनाच दिसतात. बहुतेक शैलींमध्ये तपकिरी पट्ट्याचेच तीन टप्पे ठेवलेले असतात आणि तेथे विद्यार्थ्याने बराच काळ राहावे अशीच अपेक्षा असते. आपली मुलगी अडकलेली नाही. जेथे वेळ लागायचा, तेथेच तिला वेळ लागतो आहे.

रंगीत पट्ट्यांबद्दल तिला आणखी एक गोष्ट सांगावी. ही पद्धत कराटेने ज्युदोकडून घेतली. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत ज्युदोची शाळा सुरू केली आणि पुढे शिष्यांना श्रेणी देण्याची पद्धत त्यांनीच घातली; पण त्या काळी पांढरा आणि काळा एवढेच पट्टे प्रामुख्याने वापरात होते. आज दिसणारी रंगांची शिडी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात युरोपात ज्युदो शिकवताना रूढ झाली, नवख्यांना आपली वाटचाल दिसत राहावी म्हणून. ओकिनावाहून कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे गिचिन फुनाकोशी यांच्या शिक्षणकाळात तर असे रंग नव्हतेच; एकेका कातावर, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या संचावर, वर्षानुवर्षे घालवण्याची, पुढचा काता गुरूंनी सांगितल्याशिवाय न शिकण्याची ती रीत होती. आपल्याकडच्या तालमीतही पट्टा कुठे असतो? जोर, बैठका, सपाट्या रोज होत राहतात आणि पोरगा किती तयार झाला हे वस्ताद त्याच्या पकडीवरून ओळखतात. निष्ठा पारखली जाते ती अशाच काळात, जेव्हा दाखवण्याजोगे नवीन काही हाती येत नसते. मला स्वतःला या शिक्षणातला सर्वांत मोलाचा काळ हाच वाटतो आणि नेमका तेव्हाच अनेक मुले वर्ग सोडतात, याचे फार वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष करण्याच्या गोष्टी. सरांना भेटा आणि मुलीच्या समोरच त्यांना विचारा की, येत्या तीन महिन्यांत तिने नेमक्या कोणत्या दोन गोष्टी सुधाराव्यात. दोनच, कारण यादी लांबली की मूल पुन्हा गोंधळते. त्या दोन गोष्टी तिने वहीत लिहाव्यात आणि सरावानंतर एका ओळीची नोंद करावी. शक्य असल्यास आठवड्यातून एक दिवस तिने पांढऱ्या पट्ट्याच्या मुलांना शिकवण्यात सरांना मदत करावी. लहान मुलाची चुकलेली मूठ दुरुस्त करताना आपल्याला किती येते हे जसे कळते, तसे दुसऱ्या कशानेही कळत नाही. शिवाय पुढे गेलेल्या त्या मुलीबद्दलची सल कमी व्हायलाही याने मदत होईल.

दहावीसाठी सराव कमी करा, पण तोडू नका. आठवड्यातून पाच दिवस जात असेल तर दोन दिवस जावे आणि उरलेल्या दिवशी घरी वीस मिनिटे एकच काता, आधी सावकाश, मग पूर्ण जोराने. डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव, आणि स्पर्धा पूर्ण बंद ठेवाव्यात, कारण बोट किंवा मनगट दुखावले तर पेपर लिहिणे अवघड होईल. सर समंजस असतील तर ते स्वतःच हे सांगतील. अभ्यासाला बसण्यापूर्वीचा घाम वाया जात नाही, हे आपणही काही दिवसांत पाहाल.

सासूबाईंना उत्तर देत बसण्यापेक्षा त्यांना एकदा वर्गावर घेऊन जा. कराटे शिकलेली मुलगी रस्त्यात चौघांना लोळवील, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. संकटात पहिला शहाणपणा तेथून निघून जाण्याचाच असतो. मिळते ते वेगळेच आहे. वार करताना पोटातून जी आरोळी द्यायची असते, जिला कियाई म्हणतात, ती मुलींना अनेकदा अवघड जाते, कारण हळू बोलण्याचे वळण त्यांना घरातच लागलेले असते. ती आरोळी एकदा मोकळी झाली की मुलगी शाळेत प्रश्न विचारते, नको असलेल्या गोष्टीला स्पष्ट नाही म्हणते. आजीबाईंनी ते स्वतः ऐकावे.

आणि एवढे करूनही तीन महिन्यांनी तिला सोडायचेच असेल, तर सोडू द्या. अट एकच : तिने स्वतः सरांसमोर उभे राहून ते सांगावे, नमस्कार करावा आणि मगच थांबावे, हळूहळू गैरहजर राहून नाव गळू देऊ नये.

प्रश्न : माझे वय 43 असून मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीने काम करतो. मुलाला ज्युदोला सोडायला जाताना मलाही शिकावेसे वाटते, पण लहान मुलांमध्ये पांढरा पट्टा बांधून उभे राहायला संकोच वाटतो. फार उशीर झाला आहे का?
– एक कामगार वाचक

उत्तर : उशीर झालेला नाही, मात्र आपले वेळापत्रक मुलाच्या वेळापत्रकापेक्षा वेगळे असायला हवे. आधी रक्तदाब, साखर आणि गुडघे डॉक्टरांकडून तपासून घ्या. ज्युदोत पहिल्यांदा पडायला शिकवतात : हनुवटी छातीकडे ओढायची, पाठ गोल ठेवायची, श्वास सोडायचा आणि त्याच क्षणी शरीरापासून थोडा दूर ठेवलेला सरळ हात मॅटवर आपटायचा, म्हणजे धक्का विखुरतो आणि डोके वाचते. मुले हे सहज शिकतात. चाळिशीनंतर शरीर पडण्याला विरोध करते आणि हात आधारासाठी मागे टेकवला जातो. मनगटाच्या बहुतेक दुखापती त्यातूनच होतात. म्हणून पहिले काही महिने फेकाफेकीची घाई न करता केवळ पडण्याचा सराव करावा, आणि सांध्यावर किंवा गळ्यावर ताण येताच जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारून थांबण्याची सवय निःसंकोचपणे लावून घ्यावी. थाप मारणे म्हणजे हार, असे मोठ्या माणसांना वाटते आणि तेथेच ते जायबंदी होतात.

रात्रपाळी करून आल्या आल्या मॅटवर उतरू नका, झोप आधी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी सहाच्या सुमारासची वेळच सोयीची. संकोचाबद्दल सांगायचे तर, सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वज, म्हणजे उंच आणि जड ध्वजकाठ्या, पेलण्याचा सराव करणारे लोक आपण पाहिले असतील. वर्षानुवर्षे पेलणारेही दर वर्षी पुन्हा सरावाला उभे राहतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपला मुलगा आपल्याला पडताना आणि उठताना पाहील, हे तर उत्तमच आहे.

प्रश्न : चांगला वर्ग कसा ओळखावा? आमच्या भागात तीन वर्ग आहेत.
– एक पालक, होटगी रस्ता

उत्तर : पैसे भरण्यापूर्वी एक संपूर्ण तास बसून पाहण्याची परवानगी मागा, जेथे ती नाकारली जाईल तेथे मुलाला घालू नका. तास पाहताना सर्वांत चपळ मुलाकडे न पाहता सर्वांत मागे पडलेल्या मुलाकडे पाहा आणि शिक्षक त्याच्याशी कसे वागतात ते पारखा. ठरावीक काळात काळा पट्टा मिळण्याची हमी देणारा, प्रत्येक परीक्षेत सर्वांना उत्तीर्ण करणारा आणि दर परीक्षेला शुल्क वाढवणारा वर्ग टाळावा. शिक्षकांनी स्वतः कोणाकडून शिक्षण घेतले, प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे, मुलींच्या तासाला जबाबदार मोठी बाई हजर असते का, हे मोकळेपणाने विचारावे. शिक्षा म्हणून मुलांना मारणारा शिक्षक कितीही पदके मिळवून देत असला, तरी त्या वर्गातून मूल त्याच दिवशी काढून घ्यावे.