पणजोबा 1944 ला दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना पडले. धुळ्याहून तिथं जायचं तर सुरुवात कुठून करू?

सुरुवात विमानाच्या तिकिटापासून नको, पत्र्याच्या पेटीपासून करा. पणजोबांचं पदक, पेन्शनचा कागद, जे सापडेल त्यावर सर्व्हिस नंबर बघा. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची थडगी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) वेबसाइटवर नाव शोधा. इंग्रजांनी स्पेलिंगची वाट लावलेली असते. 'पाटील' तीन-चार प्रकारे टाकून बघा, नाहीतर सरळ नंबर टाका. हिंदू सैनिकांचं बहुतेक दहन झालं, त्यामुळे थडगं नसेलही. मग स्मारकाच्या दगडावर नाव असतं आणि नोंदीत पॅनेल नंबर, म्हणजे नाव कुठल्या दगडावर आहे ते, मिळतो. तो लिहूनच निघा. कॅसिनो या इटलीतल्या गावच्या युद्धस्मारकावर हजारो नावं आहेत, उन्हात मान मोडते.

रोमहून कॅसिनो ट्रेननं साधारण दोन तास. मराठा लाइट इन्फंट्रीचे असतील तर पेरुजाच्या उत्तरेचं माँटोने चुकवू नका. याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला त्या भागात वीरगतीला गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक आहे. डोंगरावरचं गाव, गाडी भाड्यानं घेतलेली बरी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट धुळ्याच्या आरटीओतूनच काढा.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान 30,000 युरोचा. जुलै-ऑगस्ट टाळा, आपला मे महिना विमानानं जाऊन कशाला भोगायचा? एप्रिल उत्तम. आणि घरून निघताना बांधावरची चिमूटभर माती न्यायची म्हणत असाल तर राहू द्या, ती विमानतळावरच काढून घेतील.