कागदाला हात लावू नकोस

प्रिय मुली,

परवा फोनवर तू रडवेली झालीस आणि मी 'लिहून कळवते' म्हणून फोन ठेवला. मला फोनवर रागावता येत नाही. समोरचं माणूस गप्प झालं की मीच मऊ पडते. म्हणून हे पत्र.

तुझ्या बालवाडीतला निसर्गसप्ताह, चौदा मुलं, पानांचे चौदा मोर, आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो. मुलं दोन-अडीच वर्षांची. कुणी खळ चाटली, कुणी पानं फाडली, दोघांनी कागदच चुरगाळला. मग रात्री जागून चौदाही मोर तू केलेस. पालक खूश, मोठ्या बाई खूश, आणि तू मला विचारतेस, 'ताई, मुलांना आवड कशी लावू?'

अगं, आवड आहेच की! पान फाडायची आहे. मोर तुला हवा होता.

मुलाच्या कागदाला आपला हात लावायचा नाही. मी तुला शिकवलेलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस. डोळा चिकटवायचा नाही, कडा कापायच्या नाहीत, 'जरासं नीट करून देते' तर नाहीच नाही.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. एका गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी आम्ही पिंपळपानांचे हत्ती करत होतो. अडीच वर्षांच्या एका मुलाने पानावर पान, त्यावर पान, अशी एकाच जागी अकरा पानं डकवली. चळतच. रात्री मी सुरीने ती सोडवली, दोन पानांचे कान केले, एकाची सोंड आणि बाकीची केरात. सकाळी तो आला आणि नखाने हत्तीचा कान उचकटायला लागला. मी दटावलं. त्याने खाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, 'पान कुठंय?' तेव्हा कुठे उमगलं. तो हत्ती करतच नव्हता, पानाखाली पान लपवत होता. आदल्या दिवशी मी शेजारी बसून हे पाहिलं होतं, आणि तरी मला दिसलं नव्हतं. प्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांची मला जास्त काळजी होती.

म्हणून सांगते, हात लावू नकोस.

मग करायचं काय? तर सामान मांडायचं आणि मागे सरून बसायचं. आता आषाढ आहे, तुमच्या कुंपणालगत साग आहेत. कोवळं पान आणून एकेकाच्या तळहातावर ठेव. चोळलं की हात लालभडक होतो. पहिलं मूल दचकेल, दुसरं भिंतीला पुसेल. पुसू दे. जास्वंदीची पाकळी कागदावर घासली की लाल फुलातून जांभळट रेघ उमटते. गोकर्णीची फुलं कोमट पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, आणि त्यात लिंबू पिळलं की गुलाबीकडे झुकतं. लिंबू मात्र मुलांनाच पिळू दे, म्हणजे अर्धं टेबलावर सांडेल. भेंडीच्या देठाकडच्या तुकड्याचे ठसे छान उमटतात, पण दहातली सहा मुलं ठसा न मारता ती भेंडी पाण्यात बुडवत बसतील. तेच त्यांचं काम.

याला आता 'सेन्सरी प्ले' म्हणतात आणि त्याचे महागडे ट्रे मिळतात. घेऊ नकोस. आपल्या आज्यांना हे सगळं ठाऊक होतं, असा दावा मी करणार नाही. त्या कणकेचा गोळा द्यायच्या तो पोळ्या सुखाने लाटता याव्यात म्हणून. पण बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, ती आसपासच्या दगड-शिंपल्यांच्या आणि बियांच्या आधारावर. त्यांचं काही अडलं नाही.

बियांवरून आठवलं. इथे मी कडक आहे. तीन वर्षांखाली चिंचोके नाहीत, वाटाणे नाहीत. माझ्याच वर्गात एका मुलीने नाकात वाटाणा घातला. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी, तोवर तो फुगला होता. डॉक्टरांकडे मी तिच्या आईच्या शेजारी बसले होते, ती खुर्ची अजून आठवते. जुन्या फिल्मरोलच्या डबीत जे मावतं ते या वयाच्या हातात द्यायचं नाही, हे माप लक्षात ठेव. गुंजा दिसायला कितीही देखण्या असोत, त्या विषारी आहेत. कण्हेर आणि धोत्रा आवारातसुद्धा नकोत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर भारी पडतं. आणि या वेळात मोबाईल कपाटात. फोटो काढणारी बाई मुलांकडे बघत नसते, स्क्रीनकडे बघत असते.

पालकांना काय दाखवू, म्हणतेस. एक ओळ पाठव. 'आज हिने वीस मिनिटं एकाच वाटीतून दुसरीत चिखल ओतला, थेंब सांडला की थांबून बघत होती.' असं लिहायला आधी बघावं लागतं, मोर करण्यापेक्षा ते कष्टाचं आहे. दोन पालक कुरकुर करतील. मोठ्या बाईसुद्धा बोलावून घेतील.

आता तू म्हणशील, ताईंना काय, त्या रिटायर झाल्या. खरंय. पण एका ठिकाणी 'मुलांच्या कामावर शेवटचा हात फिरवा' असं फर्मान निघालं, तेव्हा मी भर डिसेंबरात नोकरी सोडली होती. घरात सहा महिने ओढाताण झाली, सासूबाईंनी ते मरेपर्यंत ऐकवलं. चिखलापायी नोकरी सोडली म्हणे! मी हट्टी होते, आहे. शांतपणे बोलून मार्ग निघाला असता का? कदाचित निघाला असता. पण तेव्हा मला तो हत्ती आठवत होता. तू नोकरी सोडू नकोस, तुझ्या डोक्यावर कर्ज आहे. फक्त रात्री मोर करत बसू नकोस.

सोमवारी एक घमेलं लाल माती चाळून घे, खडे आणि काचा काढ, बादलीभर पाणी शेजारी ठेव. पानं, काड्या बाजूला. चार-चार मुलं बसव, चौदा एकदम नकोत. तुझे हात शिवशिवायला लागले की पाठीमागे बांध, मी अजून बांधते. आणि दारात जुने टॉवेल ठेव, भरपूर. एका पायपुसण्यात काही भागत नाही.

तुझी,
ताई