टॉप-अपचं नंतर बघू, आधी ती अल्टो

एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून, थोडं आटोपतं करून देते:

"मॅडम, मी ३६ वर्षांचा, एका कारखान्यात सुपरवायझर. हातात ५२ हजार येतात. घरकर्ज २२ लाख बाकी, हप्ता २१ हजार. पत्नी घरीच असते, मुलगी दुसरीत. तीन वर्षांपासून जोडधंदा म्हणून जुन्या गाड्या घेऊन विकतो. आतापर्यंत १२ गाड्या केल्या, गाडीमागे सरासरी ३५ हजार सुटतात. व्यवहार बहुतेक रोखीत. स्वतःचे साडेतीन लाख गुंतवलेत, त्यात एका वेळी एकच गाडी फिरते. बँक घरावर १५ लाखांचा टॉप-अप (चालू घरकर्जावर वाढीव कर्ज) द्यायला तयार आहे, साडेनऊ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. म्हणजे चार-पाच गाड्या एका वेळी उभ्या करता येतील आणि वर्षाला आठ लाख सहज सुटतील. टॉप-अप घेऊ, की साठ हजार हप्त्याची विमा पॉलिसी मोडून सुरुवात करू? हिशेबाच्या वहीचा फोटो जोडला आहे."

वहीचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. पत्रात माणूस मनातला हिशेब लिहितो, वहीत हातातला. तुमच्या वहीच्या उजव्या पानावर तळाशी "इतर" असा रकाना आहे. त्यात बॅटरी, टचअप, एजंट, चहापाणी आणि त्याखाली एक ओळ: "आपली अल्टो – चलन ४ – ५,५०० (एक विमा नसल्याचं)". पुढे बारीक अक्षरात "२०२१ ला दिलेली, नाव बदललं नाही अजून, भरून टाकलं".

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुढे देते. आधी ही ओळ.

ही अल्टो तुम्ही २०२१ मध्ये विकलीत. पैसे मिळाले, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांवर) सह्या केल्या, चावी दिली, विषय संपला असं तुम्हाला वाटलं. आरटीओच्या दप्तरी मात्र ती आजही तुमचीच आहे. म्हणून तर चलनं तुमच्या मोबाइलवर येतात. तुम्ही ती वीजबिलासारखी भरता आणि धंद्याच्या खर्चात धरता. पण चलन हा इथे खर्च नाही, खबर आहे. गाडी रस्त्यावर आहे, कोणी अनोळखी माणूस ती चालवतोय, आणि तिला विमा नाही, हे तुम्हाला सरकारनेच लिहून कळवलंय. विमा नसल्याच्या चलनाचे दोन हजार रुपये भरून तुम्ही ती खबर मिटवून टाकलीत.

मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या दारात उभी असते, याला अर्थ नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी असंच प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, नाव पहिल्याचंच राहिलं होतं, अपघात झाला. भरपाई पहिल्यानेच द्यायची, असा निकाल लागला. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी किती हातांतून फिरली त्याचा माग काढत बसावं, अशी अपेक्षा करता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं.

आता रक्कम बघा. समजा त्या अल्टोखाली ३५ वर्षांचा, महिना ४० हजार कमावणारा, घरी बायको आणि दोन मुलं असलेला माणूस गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी भरपाई मोजायची रीत ठरवून दिलीय. वर्षाचे ४ लाख ८० हजार, त्यात पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून झाले पावणेसात. त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले साडेचार. त्याला १६ ने (हा आकडा वयावरून ठरतो) गुणा. ७२ लाख, व्याज वेगळं. विमा असता तर हे कंपनीने दिले असते, थर्ड पार्टी विम्यात (गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या) मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला वरची मर्यादा नसते. विमा नाही, म्हणजे चालकाबरोबर तुम्ही. चालक सापडेलच, आणि सापडला तर त्याच्याकडे काही असेलच, असं नाही. तुमच्याकडे घर आहे. तेच घर तारण ठेवून अजून १५ लाख उचलावेत का, हा तुमचा प्रश्न.

म्हणून आधी ही कामं करा. आजच त्या अल्टोची थर्ड पार्टी पॉलिसी ऑनलाइन काढा. हसू नका, नाव तुमचं आहे तोवर जोखीमही तुमचीच आहे. १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा दर वर्षाला २,०९४ रुपये, वर जीएसटी. चार चलनांना गेले त्याच्या निम्म्याहून कमी. झालेल्या अपघाताला ती लागू होणार नाही, पण उद्यापासूनची झोप तरी मिळेल. मग ज्याला गाडी दिलीत त्याला गाठा. डिलिव्हरी नोट, आधारची झेरॉक्स, पैसे आल्याचा मेसेज, जे असेल ते एकत्र करा. विक्रेत्याने फॉर्म २९ भरून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने फॉर्म ३० घेऊन ३० दिवसांत. तुम्ही फॉर्मवर सही केलीत, तो पोचवला नाहीत. उशीर झाला तरी आता लेखी कळवा आणि पोच घ्या. गाडी हाती लागत नसेल तर पोलीस ठाण्यात अर्ज आणि घेणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस. चलनांवर ठिकाण असतं, फोटोही असतो. गाडी कुठे फिरते ते तुम्हाला जवळजवळ ठाऊकच आहे.

आता दुसरी बाजू, जी तुम्हाला आवडणार नाही. अल्टोच्या बाबतीत तुम्ही फसलेले विक्रेते आहात. बाकीच्या १२ गाड्यांत तुम्ही तो मधला माणूस आहात. मूळ मालकाकडून कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याचा रकाना रिकामा, फॉर्म कपाटात. गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव घालायचं. कारण उघड आहे: मध्ये तुमचं नाव चढलं तर सेकंड ओनर गाडी थर्ड ओनर होते आणि भाव पडतो. या धंद्यात सगळे हेच करतात, मला माहीत आहे. पण त्या दोन-अडीच महिन्यांत गाडी तुम्ही चालवता, गिऱ्हाईक ट्रायल मारतं, आणि जबाबदारी कोणा निवृत्त शिक्षकाच्या नावावर असते, ज्याला वाटतं गाडी विकली. त्यातल्या किती गाड्यांचं नाव शेवटी खरंच बदललं? वहीत तो रकानाच नाही. बाराच्या बारा नंबर घेऊन बसा, प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करा आणि नव्या आरसीचा फोटो मागवा.

याच भानगडीवर केंद्राने नियम केला आहे. नोंदणी झालेल्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. त्याची मुदत पाच वर्षं. मालकाने अशा डीलरच्या हाती गाडी दिली की फॉर्म २९सी भरून आरटीओला कळवायचं, आणि तिथून पुढे त्या गाडीचं जे काही होईल ते डीलरच्या माथी. म्हणजे आरसीवर तुमचं नाव न चढता मूळ मालक मोकळा होतो. तुमची नेमकी अडचण सुटते, फक्त जबाबदारी तुमच्यावर येते. ती घ्यायची नसेल तर हा धंदा तुमचा नाही.

रोखीचंही सांगून टाकते. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला. तुमच्या गाड्या तीन-साडेतीन लाखांच्या. शिवाय फॉर्म १६ वरून भरलेलं पगाराचं रिटर्न इथे चालत नाही. घरची गाडी विकून चार पैसे सुटले तर त्यावर कर लागत नाही, हे ऐकून तुम्ही निर्धास्त असाल. वर्षाला चार गाड्या फिरवणाऱ्याचा तो व्यवसाय असतो. सीएकडे जा, कंपनीतल्या मित्राकडे नाही. जीएसटीत नोंदणी झाली की मार्जिनवर १८ टक्के, जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या गाड्यांना हाच दर. तुमच्या ३५ हजारांतले पाच-सहा हजार तिथे गेले असं समजा.

आणि ते ३५ हजार तरी आहेत का? बारा गाड्या, ४ लाख २० हजार. वहीच्या मागच्या पानावर तेरावी गाडी आहे: दिल्लीहून आणलेली डिझेल एसयूव्ही, "९० हजार अंगावर, धडा". धडा म्हणून हिशेबातून वगळलीत. एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) २०१५ च्या आदेशापासून दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर टांगती तलवार आहे, म्हणून ती गाडी तिथे स्वस्त मिळते. इथे आणली की एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवीन नंबर, आणि तोवर पाच महिने दारात उभी. हे पुन्हा होणार नाही असं तुम्ही म्हणता. दर तेरा गाड्यांत एक अशी निघतेच असं धरून चाला. राहिले ३ लाख ३० हजार. पेट्रोल, जाहिरात, गाडी आणायला गेलेला दिवस, हे वहीत नाही. गाडीमागे चार हजार धरले तरी ५० हजारांवर गेले. उरले पावणेतीन. तीन वर्षांचे. म्हणजे वर्षाला ९० हजार. साडेतीन लाख एफडीत असते तर वर्षाला २५ हजार झोपून मिळाले असते, ते वजा करा. ६५ हजार. रविवार बावन्न. एका रविवारचे साडेबाराशे, कर भरण्याआधी. आपण आहेर मोजतो, मांडवाचा खर्च मोजत नाही, त्यातला हा प्रकार.

साडेबाराशे वाईट नाहीत. गाड्यांची हौस असलेल्या माणसाला तेवढे पुरतात, आणि बोनेटची पट्टी बघून ठोकलेली गाडी ओळखणारी नजर तुमच्याकडे आहे, हे वहीतल्या शेऱ्यांवरून दिसतं. पण याच्या जोरावर १५ लाख उचलणं वेगळं. आठ लाखांचा आकडा तुम्ही कसा काढला ते दिसतंय: वर्षाला पंचवीस गाड्या गुणिले ३५ हजार. आजवर वर्षाला चार झाल्या, कारण त्या कारखान्यातल्या लोकांच्या आणि त्यांच्या पाहुण्यांच्या होत्या. पंचविसावी गाडी पाहुण्याची नसते. ती दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावी लागते, त्याचं मार्जिन देऊन. भांडवल वाढल्याने स्वस्त गाड्या वाढत नाहीत. नोकरी सांभाळून वर्षाला बारा केल्यात तर गाडीमागे खरे २१ हजार (ते पावणेतीन लाख भागिले तेरा गाड्या) धरून अडीच लाख. टॉप-अपचं व्याजच पहिल्या वर्षी १ लाख ४० हजार. हप्ता साडेएकोणीस हजार, आणि तो गाडी विकली जायची वाट बघत नाही. आधीचे २१ धरून चाळीस हजार हप्त्यात, हातात बारा. तेव्हा टॉप-अप नाही. बँकेतला माणूस त्याबरोबर एकरकमी विमाही गळ्यात मारेल, प्रीमियम कर्जातच मिळवून देतो म्हणेल. तुम्ही कर्जच घेत नाही, तेव्हा तेही ऐकून घ्यायची गरज नाही.

राहिली पॉलिसी. वर्षाला ६० हजार, पाच हप्ते भरलेले, विमा ६ लाखांचा. सहा लाख! २२ लाखांचं कर्ज, घरी पत्नी आणि दुसरीतली मुलगी. ज्याने ही "रिटायरमेंटची सोय" म्हणून विकली, त्याची सोय झाली, तुमची नाही. अशा पॉलिसीतून हाती पाच-सहा टक्के पडतात. पण तिच्या पैशाने गाडी घेणार असाल तर मोडू नका. आधी एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या, तुमच्या वयाला वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास बसेल. तो हातात आल्यावर कंपनीकडून सरेंडर (मोडली तर काय मिळेल) आणि पेड-अप (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर काय मिळेल) दोन्हीचे आकडे लेखी मागवा. तोवर पुढचा हप्ता आला तर ग्रेस पीरियड (उशिरा भरायची सवलत) किती ते बघा, घाईने भरू नका.

आणि दारात सध्या जी गाडी उभी आहे ती विका, घेणाऱ्याच्या नावाची आरसी हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. नंतरची गाडी अधिकारपत्र मिळाल्यावर. फॉर्म २९ ची पोच आणि अल्टोच्या नव्या पॉलिसीचा फोटो पाठवा, मग पॉलिसीचे आकडे घेऊन पुन्हा बसू.